डोंगा बुडवायचे दिवस

"आता त्या डोंग्याले कोन बुडवन वो?"

पारबता काकीने हे कुणाला उद्देशून विचारलं नव्हतं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून गोधडी खंगाळत होती. शेजारच्या दगडावर कुणाची तरी नवी सून भांडी घासत होती, आणि मी वर, तलावाच्या पारीवर, निंबाच्या सावलीत पुस्तक उघडून बसले होते. पार म्हणजे आमच्याकडे तलावाचा मातीचा बांध. पुस्तकाचं पान बराच वेळ तेच होतं.

"राहू द्या ना काकी. लाकूडच तं हाय," सून म्हणाली.

"लाकूड तुह्या चुलीतलं. तो डोंगा हाय. पान्यातून भाएर राहिला तं उनानं तडकते. बुढा गेला, पोरगा नागपुरात. एकल्या बुढीच्यानं होते का?"

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती बुढी म्हणजे माझी मोठी माय, माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको, हे तिला आठवलं असावं. विषय बदलायला तिने मलाच धरलं. "काय मॅडम, पुस्तकात मासे भेटून राहिले का?"

मी हसले. अशा वेळी मी हसतेच. हसलं की उत्तर द्यावं लागत नाही.

पण मी बघितलं. पाण्याच्या मधोमध, जिथे काल काहीच नव्हतं, तिथे काहीतरी काळं वर आलं होतं. म्हैस बसली असावी आणि तिचं फक्त नाक दिसावं, तसं. ते मोठ्या बाबांच्या, म्हणजे मोठी मायच्या नवऱ्याच्या, डोंग्याचं नाक होतं.

त्या उन्हाळ्याला आता काही वर्षं झाली. मी कारध्याला राहते, नदीच्या काठावरच, पण इथे मला उन्हाळा कळत नाही. खाली धरण झाल्यापासून वैनगंगा उतरतच नाही. चैत्र असो की ज्येष्ठ, पुलाखाली पाणी तसंच, रुंद आणि गप्प. लहानपणी बाबा मला तिच्या वाळूत चालायला न्यायचे, ती वाळू आता कुठे आहे हे मलाही सांगता येणार नाही. त्यामुळे पाणी उतरण्याचा म्हणून एक हंगाम असतो, हे मी वर्षभर विसरून जाते. आणि मग तुमसरकडच्या आमच्या गावातून मोठी मायचा फोन येतो. ती फोनवर हालहवाल विचारत नाही. फोन म्हणजे दुरून हाक मारणं, असं तिला वाटतं, म्हणून ती ओरडून बोलते.

"पानी उतरलं. कधी येतं?"

काल तो फोन आला. तेव्हापासून नाकात चिखलाचा वास आहे.

उतरणाऱ्या तलावाचा वास ज्याला माहीत नाही त्याला तो घाण वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटला होता. वाळत चाललेलं शेवाळ, शिंपले, कमळाचे कुजलेले देठ, त्यात पलीकडच्या मोहाखालून येणारा गोडसर, जड वास. पाणी मागे सरकतं तसं काठावर एकेक रेघ सोडून जातं. पुरणाच्या पातेल्याला आतून दिसतात तशा रेघा. सकाळी बगळे त्या रेघांवर ओळीने उभे असतात आणि बायका टोपल्या घेऊन त्यांच्या मागे. पाणी आटतं तसे मासे एका जागी गोळा होतात. मागूर चिखलात शिरतो, मरळ कडेच्या गवतात. जाळं लागत नाही, हात पुरतो. पारबता काकी चिखलात खांद्यापर्यंत हात घालून, आकाशाकडे बघत, शांतपणे मागूर चाचपायची. घरात हरवलेली कानातली रिंग शोधावी तशी. काटा लागला की मात्र तिच्या तोंडून जे निघायचं ते आमच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

आम्ही ढिवर. तलावावर जगणारे. बाबांना भंडाऱ्यात नोकरी लागली, मी इंग्रजी शाळेत गेले, आणि गावाशी माझा संबंध सुट्ट्यांपुरता उरला. गावात मी कमी बोलायचे, कारण बोललं की सगळे थांबून ऐकायचे. "पाय, कशी पुस्तकासारखी बोलते!" शाळेतही कमीच बोलायचे, पण तिथे कारण वेगळं होतं. दोन्हीकडे गप्प राहायची एकदा सवय लागली की माणूस बघायला शिकतो. दुसरं काही काम नसतं.

त्या वर्षी पौषात मोठे बाबा गेले. उन्हाळा लागला तेव्हा माझी शेवटची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. "मोठी मायजवळ जाऊन राहा, तिला सोबत होईल," असं आई म्हणाली. सोबत कशी करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी तिच्यासोबत भाजी निवडली, अंगण झाडलं, दुपारी तिच्याजवळ आडवी झाले. तीही फारशी बोलकी नव्हती. आम्ही दोघी एकमेकींना बऱ्या पडलो.

डोंगा म्हणजे एका अखंड झाडाची होडी. खोड आतून कोरायचं, दोन्ही टोकं निमुळती करायची. सांधा नाही, खिळा नाही. असं लाकूड पाण्यात असेतो जिवंत राहतं, उन्हात मात्र टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यात तलाव उतरू लागला की डोंग्यात दगड भरायचे आणि त्याला खोल पाण्यात बुडवून ठेवायचं. पाणी आणखी उतरलं की दगड काढायचे, डोंगा आणखी खोल जागी न्यायचा, पुन्हा बुडवायचा. सगळ्यात शेवटी तुडुमाजवळच्या डोहात. तुडूम म्हणजे शेताला पाणी सोडायचं जुनं दगडी दार, त्याच्यापुढचं पाणी कधी आटत नाही. पाऊस लागला, तलाव भरू लागला की दगड काढायचे आणि डोंगा वर येऊ द्यायचा. एखादी गोष्ट जपायची म्हणून ती बुडवायची. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझ्याबद्दलच काही बोलताहेत असं वाटलं असतं.

गावात एकेकाळी घरटी डोंगा होता. आता मच्छीमार सोसायटीने आणलेल्या फायबरच्या नावा आहेत, नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून पोरं जाळी टाकतात. लाकडाचा डोंगा हा एकच उरला होता. मोठ्या बाबांनी अंथरूण धरण्याआधीच तो मधल्या पाण्यात बुडवून ठेवला होता.

तो हळदूच्या झाडाचा आहे. हळदू कापला की आतून पिवळाधमक निघतो, म्हणून हे नाव. मोठ्या बाबांनी तो जंगलातून आणला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याची गोष्ट सांगायला ते स्वतः कधी कंटाळत नसत. तेव्हा आंबागडच्या बाजूच्या डोंगरात लाकडाची तोड चालायची. जंगलाचे तुकडे आखून दिलेले असत, त्यांना कूप म्हणत. एका वर्षी हा कूप, पुढच्या वर्षी तो. दिवाळी झाली की ठेकेदाराचा माणूस गावात यायचा आणि आमच्या गावचे, शेजारच्या गावांचे सगळे पुरुष कुऱ्हाडी घेऊन डोंगरात जायचे. शिंगाड्याचा हंगाम संपत आलेला असायचा आणि तलाव एकट्याने सगळ्यांना वर्षभर पोसू शकत नव्हता. तिकडेच झोपड्या बांधून राहायचे. साग पाडायचा, सोलायचा, बैलांच्या खासरांवर लादून तुमसरच्या मालधक्क्यावर न्यायचा. तिथून तो कुठे जायचा हे यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. कुणाचे दरवाजे झाले असतील, कुणाच्या खुर्च्या. पाऊस आला की पुरुष परत यायचे.

मोठ्या बाबांच्या उजव्या खांद्यावर एक गाठ होती, ओंडके उचलून झालेली. लहानपणी मी ती बोटाने दाबून बघायचे. ते पारीवर बसून समोरच्या किल्ल्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "तो किल्ला आमीच काहाडला भाएर." मला वाटायचं यांनी तो बांधला. मग कळलं की ते लहान असताना गावातून किल्ला दिसतच नव्हता. मधे झाडं होती. तोडत तोडत गेले आणि एका वर्षी पावसाआधी परत येताना मागे वळून पाहिलं तर भिंत उघडी पडली होती. ते हे अभिमानाने सांगायचे की दुःखाने, ते मी ठरवू शकले नाही. बहुतेक त्यांनीही ठरवलं नसावं. डोंगर उघडा पडला तशी त्याची माती दर पावसात खाली येऊ लागली आणि तलावात साचू लागली. "डोंगर आमच्या पोटावर येऊन बसला," असंही तेच म्हणायचे. ज्या हातांनी झाडं पाडली त्याच हातांनी पुढे रोजगार हमीवर तलावाचा गाळ काढला. मग तोड बंद झाली, जंगल राखीव झालं, आरा मशीन गंजली. पुरुषांना हिवाळ्या-उन्हाळ्यात जायला डोंगर उरला नाही, तेव्हा मोठ्या बाबांसारखे काही घरी राहिले, बाकीचे नागपूरला, हैदराबादला जाऊ लागले. गाव आजही दिवाळीनंतर रिकामं होतं. फक्त जायच्या दिशा बदलल्या.

हळदूचं ते झाड ठेकेदाराला नको होतं. त्याला साग पाहिजे होता. मोठ्या बाबांनी ते मागून घेतलं आणि सबंध हंगामभर, काम सुटल्यावर, कुऱ्हाडीने आणि वाकसाने ते आतून कोरत राहिले. पावसाच्या तोंडावर बैलजोड्यांनी ओढत गावात आणलं, तेव्हा बायका पारीवर धावत आल्या होत्या म्हणे. डोंग्यात हळदीकुंकू वाहिलं. ही गोष्ट इथे संपायची. यापुढे डोंग्याचं काय झालं, हे मोठ्या बाबांच्या गोष्टीत कधी येत नसे.

राजू दादा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी नागपूरहून आला. हा मोठी मायचा मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्याहून पुष्कळ मोठा. त्याचा आवाज घरात आधी येतो आणि तो नंतर.

"मने, हुशार पोट्टी! झाली का साहेबीण?"

"निकाल लागायचाय, दादा."

"लागन ना. आपल्या घरात तूच एक हाय, बाकी सारे गाळातले." असं म्हणून तो मोठ्याने हसला आणि आईच्या पाया पडला.

त्याने बातमी आणली होती. अभयारण्याच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट होत होतं. तिथल्या लोकांना जुन्या वस्तू हव्या होत्या. बैलगाडीची चाकं, धान साठवायच्या कणग्या. दादाने त्यांना डोंग्याचा फोटो दाखवला होता. ते डोंगा दारातच ठेवणार होते, आत दिवे लावून. खाली पाटी, पाटीवर बाबांचं नाव.

"इथं चिखलात पडून कोन पायते त्याले?" दादा म्हणाला. "तिथं देशोदेशीचे लोक पायतीन. माह्या बापानं बनवला म्हनून वाचतीन. नाई का वो माय?"

मोठी माय तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. "तुह्या बापाचा हाय," ती म्हणाली. "तुले जसं वाटन तसं."

दादा वाईट नव्हता, हे इथे लिहिलंच पाहिजे. त्याला वडील आठवायचे ते डोंग्यातले. तो अगदी लहान होता तेव्हा बाप म्हणजे पावसासोबत येणारा माणूस. मेघ गडगडले की तो पारीवर जाऊन उभा राहायचा. बाप आला की त्याला डोंग्याच्या नाकाशी बसवून तलावात फिरवायचा. तोड बंद झाली आणि बाप कायमचा घरी आला तेव्हा दादा शाळेत जाऊ लागला होता. त्या आधीचे हिवाळे त्याच्या आठवणीत नाहीत. आपल्या बापाचं नाव कुठेतरी दिव्याखाली असावं असं त्याला वाटलं. ज्यांचं नाव कुठल्याच सागाच्या दारावर लिहिलं गेलं नाही, त्यांच्या मुलाला असं वाटणारच.

त्याने मित्र बोलावले, ट्रॅक्टर आणला आणि दुपारच्या आत डोंगा ओढून पारीवर घातला. गाडीवर चढवायला हलका व्हावा म्हणून चार दिवस उन्हात वाळू द्यायचा असं ठरलं. रिसॉर्टवाल्यांनीच तसं सांगितलं होतं. पारबता काकी कमरेवर हात ठेवून बघत होती. "कोनी मेलं का बाप्पा, असा उघडा घातला त्याले?" असं म्हणाली आणि निघून गेली. मोठी माय आलीच नाही.

नवतपातली दुपार आमच्याकडे कशी असते ते बाहेरच्याला सांगणं कठीण. कुत्री नालीत झोपतात. कौलं तापून एकमेकांशी बोलतात. तेंदूपत्ता वाळत घातलेल्या मैदानावरून अशी हवा येते की डोळ्यांच्या पापण्या कोरड्या पडाव्यात. त्या दुपारी आम्ही दोघी ओसरीत ओल्या फडक्याखाली पडलो होतो आणि पारीवरून आवाज आला. फार मोठा नाही. सुपारी अडकित्त्यात फुटावी तसा.

मोठी माय उठून बसली. माझ्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यातली धानाची रिकामी पोती काखेत घेतली, बादली उचलली आणि उन्हात निघाली. मी तिच्यामागे गेले, पायात चपला आहेत की नाहीत हेही न बघता. अर्ध्या वाटेत कळलं, नव्हत्या.

डोंग्याच्या डाव्या अंगाला एक बारीक फट गेली होती, बोटभर लांब. काळ्या लाकडात आतून पिवळी. इतकी वर्षं पाण्यात राहून तो वरून कोळशासारखा झाला होता आणि आतून अजून काल कापल्यासारखा. मोठी मायने त्या फटीवर तळवा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग पोती पाण्यात बुडवून डोंग्यावर अंथरली. मी बादली भरून आणली. पोती वाळत, आम्ही भिजवत. तलाव दूर गेला होता, प्रत्येक खेपेला भेगाळलेल्या चिखलातून जावं लागे. दुसऱ्या दिवशीही तसंच. दादाने एकदा पाहिलं, म्हणाला, "काहून भिजवून राहिल्या वो? वाळू द्या ना." मोठी माय म्हणाली, "असंच. उगी." आणि पोतं नीट केलं.

त्या खेपांमध्ये मला मोठ्या बाबांच्या गोष्टीचा पुढचा भाग कळला. मोठी माय तो सांगत होती असं म्हणता येणार नाही. बादलीतून पाणी सांडावं तसा तो सांडत होता.

"लगन होऊन आली तवा मले पोहनंही येत नोहतं." एक खेप. "सासू म्हने, मानसं जंगलात गेली तं आपन का उपाशी मरावं?" दुसरी खेप. "थंडीत हात असे होत, जाळं का हाय अन् बोटं का हाय समजे नाई."

दिवाळीनंतर गावात पुरुष नसायचे. तलाव मात्र भरलेला असायचा. तेव्हा डोंगे कोण चालवत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला काय, कुणालाच पडला नव्हता. बायका चालवत. सकाळच्या धुक्यात बांबू मारत जायच्या, जाळी काढायच्या, मासोळी टोपलीत घालून बाजाराला चालत निघायच्या. उन्हाळा लागला, पाणी उतरलं की डोंग्यात दगड भरायच्या आणि बुडवायच्या. दर काही दिवसांनी डोंगा हलवायच्या, चौघी मिळून. आणि पाऊस आला की पुरुष डोंगरातून उतरायचे, डोंगे पाण्यावर काढायचे आणि बायका त्यांच्या हातात बांबू देऊन स्वयंपाकघरात परत जायच्या. त्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचं नाही, अशी रीत. डोंगा कुणाचा विचारलं तर उत्तर तयार: यांचा. तोड बंद होऊन जे पुरुष कायमचे घरी राहिले, बुडवायचं कामही त्यांच्याकडे गेलं. पारबता काकी लग्न होऊन आली ती त्यानंतर. म्हणून तर तिला प्रश्न पडला, बुढा गेला, आता कोण बुडवणार.

मी डोंगा बघत होते. भिजवता भिजवता दुसरं काय करणार? मागच्या टोकाला, उजव्या काठावर, बांबू घासून झालेली एक खोबण होती. उथळ. उभं राहून डोंगा चालवणाऱ्या उंच माणसाची. मोठे बाबा उंच होते. पण पुढे, मधल्या भागाजवळ, डाव्या काठावर आणखी एक खोबण होती. ती जास्त खोल होती, आणि तिच्याशेजारी तळाला दोन गुळगुळीत खळगे. गुडघे टेकून बसणाऱ्या, बुटक्या, डाव्या हाताच्या माणसाचे.

मोठी माय डावखुरी आहे. जेवते तेवढी उजव्या हाताने. विळी, सूप, झाडू, बादली, सगळं डाव्या.

मी त्या खळग्यांमध्ये पाणी ओतलं. ते तिथे बराच वेळ साचून राहिलं. मोठी माय समोर उभी होती. तिला कळलं की मला कळलं. ती म्हणाली, "ऊन लागन तुले. चाल."

"दादाला सांगायचं ना," मी म्हणाले. फार हळू. ती ऐकून न ऐकल्यासारखं करू शकेल इतकं हळू.

"काय सांगू? लेकराले बाप पाह्यजे, पाटीवर का होईना." मग पोतं सारखं करत, "माहं काय हाय त्यात? दिवस होते, गेले."

पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं, आणि पारीवर पोती ओली होती.

रिसॉर्टचा माणूस आला तो चौथ्या दिवशी सकाळी, छोटा टेम्पो आणि दोर घेऊन. सगळं गाव पारीवर जमलं. लग्नात असतात तितकी माणसं, आणि लग्नात करतात तितक्याच सूचना. डोक्याकडून उचला, नाही शेपटाकडून. पारबता काकीने टेम्पोवाल्याला विचारलं, "भाऊ, दिवे लावून ठेवतीन म्हंते, अन् मासे कोठी लावतीन?" तो हसला. त्याने फोन लावला. मुंबईच्या कुणी बाई होत्या, रिसॉर्टची सजावट बघणाऱ्या. त्यांना डोंगा सगळ्या बाजूंनी बघायचा होता. त्या इंग्रजीत बोलत होत्या.

"मने, घे फोन!" दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर माझा अभिमान होता. "माही बहीन हाय, इंग्लिश मीडियम. तिच्याशी बोला."

मी फोन हातात धरून डोंग्याभोवती फिरले. बाई चांगल्या होत्या. मऊ बोलत होत्या. लाकूड किती सुंदर आहे, म्हणाल्या. ही फट पडली त्याचं वाईट वाटतं, पण हरकत नाही, तीही शोभून दिसेल. मग त्यांनी विचारलं, पाटीवर काय लिहायचं? हा कोणी वापरला, कसा वापरला, एकदोन ओळी घरच्यांकडून विचारून सांगाल का?

मी दादाला विचारलं. दादाने खांदे ताठ केले आणि दोन्ही हात मागे बांधले, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसा. "लिव म्हना, माह्या बाबानं जंगलातून आनला. जल्मभर त्याईनंच चालवला. दुसऱ्या कोनाचा हात नाई लागला त्याले."

आता मला हे इंग्रजीत सांगायचं होतं. माझं सगळं शिक्षण त्या एका कामासाठी तिथे उभं होतं: दुसऱ्याचं वाक्य तिसऱ्याला पोचवायचं. मला ते येत होतं. वाक्य तोंडात तयार होतं, व्याकरणासकट. बाई थांबल्या होत्या. टेम्पोवाला दोराची गाठ मारत होता. डाव्या काठावर, नेमका त्या खोल खोबणीतून त्याने दोर नेला होता, कारण तिथे तो छान बसत होता. मोठी माय गर्दीच्या मागे उभी होती, एक पोतं काखेत, बादली डाव्या हातात. बादलीत पाणी होतं. गाडी सुटेपर्यंतसुद्धा ती त्याला भिजवणार होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो चेहरा मला ओळखीचा होता. आरशात बघते तो.

काही माणसं आपलं म्हणणं बुडवून ठेवतात. ते वाया जात नाही, टिकतं. पण वर काढायलाही कुणीतरी लागतं, आणि एकटीने तो डोंगा हलत नाही.

आज रात्री बॅग भरायची आहे. उद्या सकाळची तुमसरची गाडी. फटीत राळ भरावी लागेल, मागच्या वर्षीची निघाली असेल. पारबता काकी पुन्हा मॅडम म्हणेल, आणि दगड उचलायला सगळ्यात आधी तीच पाण्यात उतरेल. दादाने फोनवर सांगितलंय, मी शनिवारी येतो, माझ्याशिवाय हलवू नका. या सगळ्याच्या आधी ती सकाळ आहे. ऊन चढत चाललेलं, फोन माझ्या हातात, सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय. मी फोन खाली केला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण तो पारीच्या त्या टोकापर्यंत गेला.

"दादा, दोर सोड. हा डोंगा मोठी मायचा हाय. तिले इचार. अन् बुडवाले मी हाय ना."